गळा एक, गुरु अनेक

बारा गांवचें पाणी प्यालेला मनुष्य आमच्याकडे व्यवहारांत शहाणा समजला जातो. परंतु बारा गुरूंची तालीम घेतलेल्या गवयाविषयीं कोणी तसें आदरानें बोलत नाहीं. ‘ह्याच्या गळ्याला घर नाहीं,’ एवढ्या चार शब्दांत जाणत्यांच्या बैठकींत त्याचा निकाल लागतो. एक गुरु, एक घराणें, एक गळा, हा आमच्या ख्यालगायनांतील जुना दंडक. तो कोणीं कागदावर लिहून ठेविला नव्हता. पण गंडा बांधतांना शिष्याच्या मनगटावर जो दोरा येई, त्याच्या गांठींत तो बांधलेला असे. असें असतां, ज्या पुणें शहरांत आमचें आयुष्य गेलें त्या शहराच्या अर्वाचीन गायनेतिहासाकडे पाहूं लागलें, म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. ज्या पुरुषानें ह्या शहराला ख्यालाची गोडी लावली, ज्याच्या शिष्यांनीं मैफल, रंगभूमि आणि पुढें बोलपटसुद्धां गाजविला, तो कोणत्याहि एका घराण्याचा नव्हता. भास्करबुवा बखले हे एका कीर्तनकाराच्या, एका बीनकाराच्या आणि तीन निरनिराळ्या खांसाहेबांच्या पायांशीं बसले होते. तरीहि त्यांच्या गळ्याला घर नाहीं, असें म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं. हें कसें घडलें, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या दंडकाची बाजू मांडली पाहिजे. कारण अलीकडे त्याची थट्टा करण्याची चाल पडली आहे. खांसाहेब चीज लपवीत, अंतरा अर्धाच सांगत, परक्या घराण्याचा मनुष्य समोर दिसला कीं राग बदलीत, असे किस्से आपण चवीनें सांगतों. परंतु ज्याला ना जमीन ना वतन, त्या गवयाची सारी मिळकत म्हणजे वाडवडिलांकडून आलेल्या चीजा. संस्थानिकाचा आश्रय मिळे तो त्यांच्याच जोरावर. आपल्या पेढीच्या चोपड्या चव्हाट्यावर मांडणारा सावकार आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. मग गवयानें तेवढें उदार व्हावें, अशी अपेक्षा कां करावी?

दुसरें कारण गळ्याचें आहे, आणि आम्हांस तेंच अधिक वजनदार वाटतें. गळा हें यंत्र लवचिक खरें, पण भलतें हट्टी. श्वास कोठें घ्यावा, आकार किती मोकळा सोडावा, स्वर छातींतून काढावा कीं कपाळाकडे न्यावा, ह्या गोष्टी पहांटेच्या अंधारांत खर्ज लावून, तेच ते पलटे घोटून, वर्षानुवर्षें अंगीं मुरवाव्या लागतात. आणि एकदां मुरल्या म्हणजे त्या सहसा निघत नाहींत. ग्वाल्हेरचा सरळ, मोकळा, मध्यलयीचा ख्याल, आग्र्याची बोलांची फेंक आणि लयीशीं चाललेली झुंज, किराण्याचा एकेका स्वराला कुरवाळीत पुढें सरकणारा आलाप, जयपूर-अत्रौलीचें न तुटणारें, आवर्तनांत गुंफलेलें पेंचदार तानकाम, ह्यांतील प्रत्येक रीत गळ्याकडून निराळेंच काम मागते. तरवार पेलण्यास तयार केलेला हात वीणेवर एकाएकीं फिरत नाहीं. शिवाय आमची विद्या तोंडीं. शिष्य गुरूच्या आवाजांत आवाज मिसळून शिके. त्यामुळें गुरूच्या गमकेबरोबर त्याचें खांकरणेंहि शिष्याच्या गळ्यांत उतरे. अशा शिक्षणांत दोन गुरु म्हणजे दोन सांचे, आणि कच्ची माती दोन सांच्यांत ओतली तर मूर्ति कोणतीच धड होत नाहीं.

ह्या धोक्याची जाणीव पश्चिमेकडील शिक्षकांनाहि होती. स्वीडनची प्रख्यात गायिका जेनी लिंड १८४१ सालीं पॅरिसला मॅन्युएल गार्सिया ह्या शिक्षकाकडे गेली, तेव्हां ती आपल्या देशीं नामांकित होती. परंतु अतिरेकानें आणि चुकीच्या मेहनतीनें तिचा आवाज झिजला होता. गार्सियानें तिला आधीं कांहीं आठवडे गाणें तर राहोच, बोलणेंहि शक्य तितकें वर्ज्य करावयास सांगितलें, आणि मगच शिकविण्यास सुरुवात केली. हाच गृहस्थ पुढें १८५४ च्या सुमारास दंतवैद्याचा लहानसा आरसा घेऊन, सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपल्याच गळ्यांतील स्वरतंतु पाहण्यांत यशस्वी झाला. आमच्या खांसाहेबांजवळ आरसा नव्हता. पण कान होता, आणि त्या कानाला समोरच्या गळ्यांत काय चाललें आहे हें बहुधा आरशापेक्षां लवकर कळे.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं ख्याल शिकावयाचा म्हणजे उत्तरेची वाट धरणें प्राप्त होतें. पुण्यांत कीर्तन होतें, लावणी होती, पेशवाईपासून चालत आलेलें धृपद होतें. परंतु पद्धतशीर ख्याल फारसा नव्हता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर प्रथम धारेस देवजीबुवांकडे गेले, पुढें ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी ह्यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि ती विद्या घेऊन दक्षिणेंत परतले. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे असेच हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरीस निसारहुसेनखांपाशीं जाऊन राहिले. ह्या मंडळींनीं ख्याल महाराष्ट्रांत आणला, हें त्यांचें ऋण केवढें आहे, तें सांगावयास नको. इकडे पुण्याच्या सुशिक्षित समाजांतहि गायनाविषयीं चळवळ सुरू झाली होती. १८७४ मध्यें बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे प्रभृति मंडळींनीं ‘पूना गायन समाज’ काढला. गायन ही कुलीनांनीं ऐकण्याची व शिकण्याची विद्या आहे, हें लोकांच्या मनावर बिंबविण्याचा त्यांचा हेतु. पण सभा भरविणारे विद्वान निराळे, आणि रात्रभर समोर बसवून एकेक तान घोटून घेणारा गुरु निराळा. तो गुरु पुण्याला भास्करबुवांच्या रूपानें मिळाला.

भास्करबुवांचा जन्म १८६९ सालीं बडोदें संस्थानांतील कठोर गांवचा. घरची गरिबी, मुलाचा आवाज मात्र असा, कीं रस्त्यानें जाणारा थांबावा. बडोद्यास विष्णुबुवा पिंगळे ह्या कीर्तनकारांनीं त्यांना पहिले धडे दिले. पुढें ज्या शब्दप्रधान नाट्यपदांना बुवांनीं चाली दिल्या, त्यांचें बीज ह्या कीर्तनाच्या तालमींत असावें, असें आमचें मत आहे. कीर्तनांत श्रोत्याला शब्द कळला नाहीं तर कथाच फुकट जाते. तेथें नुसत्या आकारावर वेळ मारून नेतां येत नाहीं. मग मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरला आणि स्त्रीभूमिकेंतून गाऊं लागला. बंदेअलीखां ह्या थोर बीनकारांनीं त्याचें गाणें ऐकलें आणि आपण होऊन त्याला शिष्य म्हणून जवळ केलें, असें सांगतात. गाणाऱ्या मुलाला बीनकारानें काय द्यावें? आमच्या समजुतीप्रमाणें, एका स्वरापासून दुसऱ्या स्वराकडे जातांना मधली वाट कशी चालावी, हें त्यानें द्यावें. तारेवरची मींड आणि आंस गळ्यांत आणणें ही शिकवण गवयाकडूनहि मिळते, पण बीनकाराइतकी उघडी करून कोण दाखविणार?

आणि अशा ऐन भराच्या वेळीं मुलाचा आवाज फुटला. मुलाचा पुरुष होतांना कंठ वाढतो, स्वरतंतु लांबतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो; कांहीं काळ तर तो कोणत्याच पट्टींत स्थिर राहत नाहीं. निसर्गाच्या दृष्टीनें ही रोजचीच गोष्ट. परंतु ज्या मुलाची सारी किंमत त्याच्या उंच, गोड आवाजांत होती, त्याच्या दृष्टीनें तो प्रलयच. कालपर्यंत ज्याला ‘वन्स मोअर’ मिळत होता त्याची कंपनींतील पत्रास संपली. कित्येक बालनटांचें आयुष्य ह्याच वळणावर संपलेलें आहे. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत, आणि इतिहास लिहिणाराला तीं कोठें सांपडावयाचीं!

भास्करबुवांनीं येथून नव्यानें आरंभ केला. बडोद्यास फैजमहंमदखां ह्यांच्या दारीं ते गेले आणि गुरुगृहीं पडेल तें काम करीत ग्वाल्हेर पद्धतीची तालीम घेऊं लागले. फुटलेला आवाज सांधावयाचा म्हणजे पहिल्या आवाजाचें सुतक संपवून दुसऱ्याचें बारसें करावयाचें. पूर्वींच्या गळ्यानें जी तान सहज घेतली ती आतां विसरली पाहिजे. खर्जापासून, एकेका स्वरापासून, नवा गळा बांधला पाहिजे. हें काम एकट्यानें होत नाहीं. स्वतःचा आवाज मनुष्याला दुसऱ्याला ऐकूं येतो तसा कधींच ऐकूं येत नाहीं. बाहेरचा कान लागतो. तो कान आणि तो धीर फैजमहंमदखांनीं दिला.

परंतु खांसाहेबांची खरी थोरवी ह्यापुढेंच आहे. जेव्हां त्यांना वाटलें कीं ह्या शिष्याला ह्यापुढची वाट दुसऱ्यानें दाखवावी, तेव्हां त्यांनीं त्याला आग्रा घराण्याच्या नत्थनखांकडे जाण्यास संमति दिली; नव्हे, परंपरा सांगते त्याप्रमाणें, स्वतःच त्यांच्या स्वाधीन केलें. ज्या काळीं शिष्य दुसऱ्याच्या मैफलीस नुसता जाऊन बसला तरी गुरूचा चेहरा उतरे, त्या काळीं ही गोष्ट घडली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. नत्थनखां म्हणजे लयीचे बादशहा. विलंबित लय इतकी संथ ठेवावयाची कीं दुसऱ्याचा धीर सुटावा, आणि त्या संथ लयींत बोल असे पेरावयाचे कीं समेवर येतांच ऐकणाराच्या अंगावर कांटा यावा, ही त्यांची ख्याति. ग्वाल्हेरच्या मोकळ्या, सुटसुटीत अंगानें बांधलेल्या गळ्याला हा नवा हिशेब बुवांनीं शिकविला. १९०१ सालीं नत्थनखां वारले. बुवांची तिशी तोंवर उलटली होती आणि ते स्वतः नांवारूपास आले होते. तरीहि त्यानंतर ते अल्लादियाखां ह्यांच्यापाशीं शिष्य म्हणून बसले.

अल्लादियाखांची निवड आम्हांस नेहमीं अर्थपूर्ण वाटत आली आहे. हे कोल्हापूर दरबारचे गवई. पण त्यांची जी पेंचदार गायकी पुढें जयपूर-अत्रौली म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा जन्मच एका फुटलेल्या आवाजांतून झाला होता. तरुणपणीं एका संस्थानाच्या आश्रयास असतांना अतोनात गाण्यानें त्यांचा गळा बसला, आणि तो पूर्वींसारखा पुन्हां कधींच झाला नाहीं. उरलेल्या आवाजांत जें शक्य होतें त्याचा विचार करून त्यांनीं नवी रीत घडविली. म्हणजे गुरूचा गळा एकदां मोडला होता आणि शिष्याचाहि. ज्याला आपल्या गळ्याची मर्यादा पक्की ठाऊक आहे, त्यालाच दुसऱ्याच्या गळ्याची मर्यादा दिसते. ह्या दोघांच्या तालमींत काय बोलणें झालें असेल तें असो, पण ही समजूत त्यांच्यांत न बोलतांहि असली पाहिजे.

बुवा स्वतः शिकवूं लागले, तेव्हां हा सारा अनुभव त्यांच्या पाठीशीं होता. कांहीं काळ त्यांनीं धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजांत गायनशिक्षकाची नोकरी केली. उत्तरेंत पंजाबापर्यंत त्यांचीं गाणीं गाजलीं, जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यांतील रसिक त्यांच्या नांवावर जीव टाकीत. १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाजाची स्थापना झाली ती त्यांच्याच प्रेरणेनें. परंतु समाज, वर्ग, समारंभ हें सारें जमेस धरूनहि आमचें लक्ष वेधतें तें त्यांच्या शिष्यांच्या यादीकडे. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, ताराबाई शिरोडकर, पंजाबांतून आलेले दिलीपचंद्र वेदी. ह्यांतील कोणत्याहि दोघांचें गाणें एकसारखें नाहीं! एकाच गुरूच्या दोन शिष्यांना डोळे मिटून ओळखतां येऊं नये, ह्यापरतें त्या गुरूचें दुसरें कोणतें प्रशस्तिपत्र असूं शकेल?

बालगंधर्वांचेंच पाहा. त्या काळीं नाटकगृहांत ध्वनिवर्धक नव्हता. पिटांतल्या शेवटच्या माणसाला शब्द पोंचला पाहिजे, आणि तोहि लुगडें नेसून, लाजत-मुरडत, अभिनय संभाळून. ख्यालाला तासभर मोकळा असतो. नाट्यपदाला पांच-दहा मिनिटें, आणि तेवढ्यांत कथेचा धागा तुटतां कामा नये. ख्यालाचा सगळा पसारा त्या गळ्यांत कोंबला असता तर रुक्मिणी रंगभूमीवरून नाहींशी होऊन गवई तेवढा उरला असता. बुवांनीं तसें केलें नाहीं. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाला १९१६ सालीं त्यांनीं चाली दिल्या, त्यांत ख्यालाच्या बंदिशींचा अर्क होता. पण तो अर्क त्या गळ्याला, त्या भूमिकेला आणि त्या पांच मिनिटांना झेपेल इतक्याच मात्रेनें दिला होता. आमच्या आजी-पणजींना रागाचें नांव न कळतां राग ओळखतां येऊं लागला, तो ह्या पदांमुळें. त्याआधीं, १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांनीं बसविल्या होत्या, त्यांत पूरबकडील ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा होता; आणि पुढें १९१९ च्या ‘एकच प्याल्या’साठीं बालगंधर्वांनीं पुण्याच्या सुंदराबाईंकडून चाली घेतल्या. लावणी, गझल, ठुमरी ह्यांत मुरलेली ही बैठकीची गायिका. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका नट तिच्याकडून शिकतो, ही गोष्ट त्या काळच्या सोंवळ्या पुण्याला कितपत रुचली असेल, ह्याचा तर्क वाचकांनींच करावा.

मास्टर कृष्णरावांची कथा निराळी. त्यांचा चपळ गळा क्षणांत ह्या रागांतून त्या रागांत डोकावून परत येई. बुवांनीं तो चपळपणा कापून टाकला नाहीं. पुढें कृष्णरावांनीं ख्याल गायिला, भजन गायिलें, गंधर्व मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या, आणि कोल्हापुराहून १९३३ सालीं पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ह्या बोलपटांना संगीत दिलें. दिलीपचंद्र वेदींना मात्र बुवांचा सहवास थोडाच लाभला. १९२२ च्या एप्रिलांत बुवा गेले, आणि वेदी आग्र्याच्या फैयाजखांकडे वळले. गुरूनें जी वाट चालून दाखविली होती तिच्यावरून शिष्य चालला, तर त्यांत नवल तें काय?

ह्याच्या उलट टोंकाची हकीकतहि त्याच पुण्यांत, त्याच काळीं घडत होती, आणि ती सांगितल्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं. किराण्याचे अब्दुल करीमखां ह्यांनीं १९१३ मध्यें पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढलें. त्यांचे पट्टशिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच पुढचे सवाई गंधर्व. त्यांनीं नाटकांत जावें हें खांसाहेबांना पसंत नव्हतें. रंगभूमीवर गळा नासतो, अशी त्यांची धारणा. रामभाऊ गेले, आणि नाटकानेंच त्यांना ‘सवाई गंधर्व’ हें नांव दिलें. गुरूची भीति अगदींच अनाठायीं नव्हती. रात्र-रात्र चढ्या पट्टींत ओरडून गाणाऱ्या नटांचे आवाज अकालीं गेल्याचीं उदाहरणें कांहीं थोडीं नाहींत. पण त्याच खांसाहेबांनीं उत्तरवयांत ध्वनिमुद्रिकांत मराठी नाट्यपद गाऊन ठेविलें आहे. आणि तें ऐकतांना, शिष्याला जी वाट नाकारली तिच्यावरून स्वतः गुरु किती हळुवारपणें चालून गेला आहे, हें जाणवून मन भरून येतें. रामभाऊंनींहि गुरूची विद्या टाकली नाहीं. त्यांनीं ती भीमसेन जोशांसारख्या शिष्यांच्या गळ्यांत उतरविली, आणि भीमसेनांनीं १९५३ पासून गुरूच्या नांवानें पुण्यांत उत्सव सुरू केला.

केसरबाई केरकरांचें उदाहरण आणखी तिसऱ्या तऱ्हेचें. लहानपणीं अब्दुल करीमखां, मग वझेबुवा, थोडे दिवस भास्करबुवा, सतारिये बरकतुल्लाखां, असे अनेक गुरु त्यांनीं पाहिले; त्यांतील कोणाचीहि तालीम निरनिराळ्या अडचणींमुळें पुरी झाली नाहीं. अखेर १९२१ सालापासून अल्लादियाखांजवळ त्या स्थिरावल्या, आणि पुढें पांवशतकाच्या आसपास, खांसाहेब हयात असेपर्यंत, त्यांनीं दुसरें दार पाहिलें नाहीं. त्यांच्या गाण्यांत पूर्वींच्या गुरूंचा माग लागत नाहीं, निदान आम्हांस तरी लागला नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें सूर्यमालेबाहेर धाडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची जी तबकडी ठेविली आहे, तींत त्यांची भैरवी आहे. भास्करबुवांनीं सारें जमा केलें, केसरबाईंनीं मागचें सारें पुसून टाकलें. आणि दोघांच्याहि गळ्याला घर होतें.

येथें कोणी विचारील कीं शाळांचें काय? विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गायन चार भिंतींच्या वर्गांत आणलें. भातखंड्यांनीं चीजा स्वरलिपींत छापल्या. विनायकराव पटवर्धन, जे स्वतः कांहीं वर्षें गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांसमोर उभे राहिले होते, त्यांनीं १९३२ मध्यें पुण्यांत गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. ह्या लोकांचे उपकार आम्ही विसरूं तर कृतघ्न ठरूं. ज्या घरच्या मुलीला खांसाहेबांच्या उंबऱ्याआंत पाऊल टाकणें शक्य नव्हतें, तिच्या हातीं ह्यांनीं तंबोरा दिला. गुरूची मर्जी, जात, पैसा ह्या तीन कुलपांच्या आंत असलेली विद्या बाहेर काढली. खासगी तालमीचे गोडवे गातांना तीं कुलुपें विसरणें हा अप्रामाणिकपणा होईल. पण वीस मुलांच्या वर्गांत वीस गळे एकाच पट्टींत गातात, हीहि गोष्ट खरी. मुलींना तर पुरुषशिक्षकाच्या षड्जाशीं जुळवून घेतां घेतां आपला स्वतःचा षड्ज सांपडण्यासच दोन-दोन वर्षें लागतात. अभ्यासक्रमाला सगळें ठाऊक असतें, एवढें एक सोडून, कीं आज समोर बसलेल्या ह्या मुलाचा पंचम कां डळमळतो.

भास्करबुवांची वाट पुढें बंद पडली नाहीं. वसंतराव देशपांड्यांनीं नागपुरास शंकरराव सप्रे, लाहोरास असदअलीखां, मग सुरेशबाबू माने, अमानअलीखां असे गुरु केले. पुण्यांत लष्करी हिशेबखात्यांत कारकुनी करीत गाणें संभाळलें. आणि १९६७ सालीं ‘कट्यार काळजांत घुसली’ ह्या नाटकांत, विद्या कुलपांत ठेवणाऱ्या खांसाहेबांचीच भूमिका केली. त्या नाटकाला चाली देणारे जितेंद्र अभिषेकीहि अनेक गुरूंचे शिष्य होते. प्रेक्षकांतल्या जुन्या जाणत्यांना ह्यांतली गंमत कळली असेलच.

आतां आमच्या स्वतःच्या बाबतींत थोडें सांगून हा लेख आवरतों. सांगावयास संकोच वाटतो, पण हा विषय आम्हांस सुचला तो त्यामुळेंच. चाळीसएक वर्षांपूर्वीं, मॅट्रिकच्या वयांत, आम्ही सदाशिव पेठेंतील एका वाड्याच्या माडीवर एका वृद्ध गवयांकडे शिकावयास जात असूं. मास्तर ग्वाल्हेर पद्धतीचे. आठ महिने भूप आणि यमन ह्यांपलीकडे त्यांनीं आम्हांस जाऊं दिलें नाहीं. वयाची घाई, आम्हीं गुपचूप रविवारीं दुसरीकडे नाट्यपदांची आणि भावगीतांची शिकवणी धरली. तेथें लवकर टाळ्या मिळत. एके संध्याकाळीं माडीवर यमन गातांना आम्हीं गंधार लावला, आणि मास्तरांनीं तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या.

‘‘हा गंधार आमच्याकडचा नव्हे,’’ ते म्हणाले. ‘‘कोणाचा रे आणलास?’’

आम्ही खोटें बोललों. मैफलींत ऐकला, असें सांगितलें. मास्तर रागावले नाहींत. खिडकीबाहेर पाहत थोडा वेळ बसले आणि मग म्हणाले, ‘‘जायचें असेल तर सांगून जा, बाळ. मी चिठ्ठी देईन. तुझा आवाज अजून कोंवळा आहे, त्याला काय झेपेल काय झेपणार नाहीं, तें त्यांना कळलें पाहिजे.’’

त्या क्षणीं आम्हांस ते बोलणें टोमण्यासारखें वाटलें. लाजेनें आम्ही पुढच्या आठवड्यापासून माडीवर गेलों नाहीं, आणि कांहीं महिन्यांनीं रविवारचेंहि सोडलें. पुढें कॉलेज, परीक्षा, नोकरी. फैजमहंमदखांनीं आपला शिष्य नत्थनखांच्या स्वाधीन केल्याची हकीकत आम्हीं पुष्कळ वर्षांनीं वाचली, तेव्हां मास्तर काय देऊं करीत होते तें कळलें. त्या वाड्याच्या जागीं आतां सहा मजली इमारत आहे. ती चिठ्ठी आणावयास आम्ही कधींच गेलों नाहीं.